सिमग्यानंतरचा दोडका

व्यंकट, तू गेल्यावर नवव्या दिवशी दुपारी चार वाजता गारा पडल्या. बोराएवढ्या. दहा मिनिटं पडल्या असतील-नसतील, पण माझी काकडी, माझी कारली आणि पाकिटातल्या बियांचा तो दोडका, जो मी तुझ्या नाकावर टिच्चून माघातच चार पानांवर आणला होता, सगळ्याचा चेंदामेंदा झाला. गारा थांबल्यावर मी परसात गेलो आणि सवयीनं भिंतीकडं बघितलं. आता टोपी मागं सारत तुझं डोकं वर येणार आणि तू विचारणार, "काय गुर्जी, शास्त्र भिजलं का बे?" 'गुर्जी' आणि 'बे' एकाच वाक्यात घालणारा माणूस माझ्या आयुष्यात तू एकटाच होतास. भिंतीवर नुसत्या गारा साचल्या होत्या. खरं सांगतो, रोपांपेक्षा मला हसायला कुणी नाही याचंच जास्त वाईट वाटलं.

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल पुष्कळ बोलले. वायरमन म्हणून तू भर वाऱ्यात खांबावर कसा चढायचास, कुणाच्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी गेलेली वीज तू कशी परत आणलीस, हे सगळं खरं होतं आणि सगळं तुला माहीत आहे. मी बोललो नाही. एरवी माईक दिसला की पुढं होणारा माणूस गप्प बसला म्हणून लोकांना वाटलं, गुरुजी गहिवरले. गहिवरलो होतोच. पण गप्प बसायचं कारण वेगळं होतं. तुझं माझं भांडण अर्धं राहिलं होतं आणि त्यातलं शेवटचं वाक्य माझं होतं. ते वाक्य मला मागं घ्यायचं आहे. भांडण मागं घेत नाही, ते माझ्या बाजूनं बरोबरच आहे. फक्त ते वाक्य.

आपली घरं एकाच वर्षी झाली. अंबाजोगाईची ती वसाहत तेव्हा नवी होती, नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, आणि दोन्ही परसांच्या मधे छातीएवढी भिंत घालून गवंडी निघून गेला. उंच घालायची राहून गेली ते बरंच झालं. बावीस वर्षं मी त्या भिंतीवर वर्तमानपत्र ठेवलं आणि तू चहाची बशी. त्या बावीस वर्षांत आपण राजकारणावर भांडलो नाही, पोरांच्या लग्नांवर भांडलो नाही, सांडपाण्याच्या पाइपावर तर शेजारधर्म म्हणूनही भांडलो नाही. भांडलो ते दोडक्याचं बी मातीत कधी घालायचं यावरून.

आपल्याकडचा माघ-फाल्गुन भरवशाचा नाही. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. चार दिवस असं ऊन की वाटावं उन्हाळा लागला, आणि पाचव्या दिवशी परळीच्या बाजूनं आभाळ भरून येतं आणि आंब्याचा मोहोर खाली. यात कोडं काही नाही. उत्तरेचे कोरडे वारे आणि समुद्राकडचे ओले वारे आपल्या डोक्यावर भेटतात, हे मी छत्तीस वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलं. त्यामुळं बी कधी टाकायचं याबद्दल माझं मत पक्कं होतं आणि अजून आहे. माघाच्या मध्यावर टाकायचं, रोपांवर रात्री गोणपाट झाकायचं, म्हणजे चैत्राचं ऊन तापायच्या आत वेल मांडवावर जातो. गारा दरवर्षी पडत नाहीत. ऊन दरवर्षी पडतं.

तुझं मत एका ओळीचं होतं. "सिमगा झाल्याबिगर दोडका मातीत न्हाई." आम्ही सगळे होळी म्हणायला लागलो, तू शेवटपर्यंत सिमगाच म्हणालास.

आणि गंमत अशी की हा नियम फक्त दोडक्याला. तुझी मेथी, कोथिंबीर, वांगी कुठल्याही तिथीला लागायची. गारा काय दोडका बघून पडतात का, वांग्यावर पडत नाहीत का, असं मी तुला कितीदा विचारलं. तू म्हणायचास, "वांग्याचं अलग हाय." मी ते तुझं अडाणीपण समजलो. भूगोलाच्या शिक्षकासमोर एवढी ढळढळीत खूण होती आणि त्याला नकाशा वाचता आला नाही.

एका वर्षी तर मी पेन्सिलनं तक्ताच केला. मागच्या कितीतरी वर्षांच्या होळ्या, त्या त्या वर्षीचं ऊन, पाऊस, गारा. भिंतीवर पसरून तुला दाखवला. होळी कधी मार्चच्या सुरुवातीला येते, कधी महिना संपता संपता, अधिक महिना आला की आणखी घोळ. "आता सांग," मी म्हणालो, "आभाळ काय पंचांग बघून येतं का?" तू तक्ता नीट बघितलास, एकदा उलटाही करून बघितलास, आणि म्हणालास, "अक्षर लई सुंदर हाय तुझं." मग त्यावर पावशेर वांगी ठेवलीस आणि आत निघून गेलास. तो तक्ता अजून माझ्याकडं आहे, त्यावर वांग्याच्या देठाचा डाग आहे.

माझी बाजू बरोबर असल्याचा पुरावा तूच एका वर्षी दिलास. होळी फार उशिरा आली होती. तुझा दोडका उगवला तो थेट उन्हाच्या तावडीत. दुपारी पानं मान टाकायची, फुलं गळून खाली पडायची. आणि माझ्या मांडवावर तेव्हा हात पुरणार नाही एवढे दोडके लटकलेले. महिनाभर तुमच्या घरी माझ्याच दोडक्याची भाजी झाली. मी रोज भिंतीवर चार ठेवायचो आणि रोज विचारायचो, सिमगा काय म्हणतो. तू भाजी खायचास, शिरांची चटणी करायला लावायचास, आणि तोंड पुसून म्हणायचास, "भाजी झ्याक हाय. पण बी फुकट हाय ह्याचं." तेही खरं होतं. माझं बी दुकानातलं, संकरित. ते एका हंगामाचं, त्याचं बी धरून काही उपयोग नाही. बी धरायचं तरी कशाला, नवीन पाकीट मिळतं की, असं मी म्हणालो. तेव्हा तू वळून आपल्या वाफ्याला पाणी घालायला गेलास.

गारांचा तो जुना दिवस आठवतो का? टोमॅटो माझे होते, लालीवर आलेले. मी फोनवर हवामान बघत होतो. त्यात उद्या सायंकाळी हलका पाऊस असं लिहिलं होतं. तू तारांकडं बघत होतास. आभाळ भरलं की तू आधी खांबावरच्या तारांकडं बघायचास आणि मग आभाळाकडं, ही तुझी नोकरीतली सवय. "गुर्जी, बाज काढ भाईर," तू भिंतीपलीकडून ओरडलास. मी 'कावून, कशाला?' म्हणेपर्यंत तू भिंत ओलांडून माझ्या परसात. लोखंडी बाज, तिच्यावर दुहेरी वाकळ, एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या, आणि आपण दोघं टोमॅटोच्या वाफ्यावर बाज धरून उभे. येताना तू तुझं कामाचं हेल्मेट आणलं होतंस, ते माझ्या डोक्यावर घातलंस आणि स्वतः घमेलं उपडं घातलंस. घमेल्यावर गारांचा असा ताशा वाजला की आपल्याला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. माझी बायको सुमन दारातून ओरडत होती, टोमॅटोपायी मरता का दोघं म्हणून.

अर्धे टोमॅटो वाचले. तुझ्या वांग्यांवर मात्र कुणी बाज धरली नव्हती, ती सगळी झोपली. तू एकदाही ते बोलून दाखवलं नाहीस. मीही आभार मानले नाहीत, आपल्यात तशी पद्धत नव्हती. आज मानतो.

त्याच दिवशी तू मला एक शब्द नव्यानं शिकवलास. गारा थांबल्यावर मी लगेच खुरपं घेऊन मोडलेली रोपं काढायला वाफ्यात शिरायला लागलो, तर तू दंड धरून मागं ओढलंस. "वाफसा येऊ दे बे. वल्यात पाय घातला की माती घट्ट व्हती, मंग वरीसभर मोकळी होत न्हाई." वाफसा मला माहीत होता, पुस्तकातला. जमीन ना फार ओली, ना फार कोरडी, पेरायजोगी असली की वाफसा आला म्हणतात. तू तो हातानं दाखवलास. मूठभर माती घ्यायची, दाबायची, मूठ उघडायची. गोळा झाला तर थांब. भुगा झाला तर उशीर झाला. अलगद दोन-तीन तुकड्यांत फुटली तर पेर. पुढं तू हाच शब्द आपल्या भांडणांनाही लावलास. माझं काही बोलणं लागलं की तू दोन दिवस भिंतीकडं यायचा नाहीस, आणि मी हाक मारली तर आतून म्हणायचास, "वाफसा न्हाई अजून." तिसऱ्या दिवशी बशी भिंतीवर. ही पद्धत मला मान्य होती. फार चांगली पद्धत होती, व्यंकट, एवढाच तिच्यात दोष की तिला माणूस जिवंत लागतो.

आता त्या वाक्याकडं येतो. यंदा माघात ऊन लवकर तापलं. माझी रोपं तरारून आली होती आणि तुझा वाफा खणलेला, शेणखत घातलेला, वर जुन्या सर्व्हिस वायरचा मांडव ताणून बांधलेला, आणि रिकामा. त्या मांडवाच्या गाठी तुझ्याशिवाय कुणाला सुटत नाहीत, अजून सुटलेल्या नाहीत. मी सकाळी गोणपाट काढत होतो, तू खुरपं घेऊन बांध नीट करत होतास.

"कशाची वाट बघतोस?" मी विचारलं.

"सिमग्याची."

"एक कारण सांग. एकच. मग जन्मात विचारणार नाही."

"कारण हाय."

"मग सांग की."

"हाय म्हणलं ना. तुला काय करायचंय बे? तुझा दोडका तू खा."

त्या दिवशी मी उगाच तापलो. बावीस वर्षं एक माणूस कारण आहे म्हणतो आणि सांगत नाही, हे मला एकदम सहन होईना. आणि मी म्हणालो, "शाळेत नीट बसला असतास ना व्यंकट, तर असल्या सिमग्याच्या गोष्टी सांगितल्या नसत्यास."

तू अंगठ्यानं खुरप्याची माती पुसलीस. अगदी सावकाश. "बसाया पायजे होतं," तू म्हणालास, "खरं हाय तुझं." आणि आत गेलास. तुझ्या आवाजात राग नव्हता म्हणून मी स्वतःला सांगितलं की लागलं नसेल. पण हे काही खरं नाही. लागलं ते मला तिथंच कळलं होतं. का लागलं, तेवढं कळलं नाही.

मी वाफशाची वाट बघितली. दोन दिवस तू भिंतीकडं आला नाहीस. तिसऱ्या दिवशी सुमनला घेऊन मला लेकीकडं लातूरला जायचं होतं. निघताना मी तुझ्या दारावरून गेलो, तू आत रेडिओ लावून बसला होतास, आणि मला वाटलं, आल्यावर बोलू. पाचव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. तू कोथिंबिरीला पाणी घातलंस, पायरीवर बसलास, छातीत कळ आली म्हणालास, आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपलास. मी फोन कानाला धरून उभा होतो आणि सुमननं तो माझ्या हातातून काढून घेतला. लातूरहून येताना गाडीत माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य होतं.

तेरावं झाल्यावर तीन-चार दिवसांनी मी भिंतीशी उभा होतो. वहिनी पलीकडं धुणं वाळत घालत होत्या. तुझा वाफा तसाच पडलेला. गारांचं पाणी त्यात मुरलं होतं, आणि रिकामा असल्यामुळं त्याचं काडीचंही नुकसान झालं नव्हतं. हा मुद्दा तुझ्या बाजूनं जातो, मी प्रामाणिकपणे कबूल करतो. काहीतरी करावं म्हणून मी म्हणालो, "वहिनी, माझ्याकडं पाकिटात थोडं बी उरलंय. त्याचा दोडका टाकून देऊ का इथं?"

"नगं भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "बी यायचंय अजून."

"कुठून यायचंय?"

"कारखान्यावरून. रुक्मिण आणंल की. दरसाल तीच आणती."

रुक्मिण म्हणजे तुझ्या धाकट्या भावाची बायको. होळीनंतर तुझ्या गावाहून, धर्मापुरीहून तुझ्याकडं एक बाई बोचकं घेऊन यायची, हे मी बावीस वर्षं बघत होतो. सणाची पाहुणी म्हणून मी कधी चौकशी केली नाही. तुझा भाऊ तुला माती द्यायला एकटाच आला, राख सावडून लगेच माघारी गेला, तेव्हाही कुठं गेला हे मी विचारलं नाही. वहिनींनी धुण्याची बादली खाली ठेवली आणि मला पहिल्यापासून सांगितलं.

"सासूबाईचं बी हाय ते. दसऱ्यानंतर समदं घर ऊस तोडाया जायचं, तवा त्या बी संगं न्यायच्या. तिकडं कोपीच्या मागं लावायच्या. पट्टा पडला की येताना वाळलेला दोडका पदरात बांधून आणायच्या, सिमग्याच्या आगंमागं. मंग हितं घरी लावायच्या. त्या गेल्या, तरी तसंच चालू हाय. आमी हितं लावतो, पयला दोडका वेलावर वाळू देतो, दसऱ्याला रुक्मिणीला देतो. सिमग्याला ती परत आणती."

"म्हणजे सिमग्याच्या आधी..."

"सिमग्याच्या आधी बी घरात असतंय कुठं, भाऊजी?"

मी भिंत धरून उभा राहिलो. कोपी म्हणजे ऊसतोडीच्या फडावरची पाचटाची झोपडी, हे मला माहीत होतं. पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचं गाळप संपणं, तेही माहीत होतं. एवढं सगळं माहीत असलेला माणूस बावीस वर्षं वाऱ्यांचे बाण काढत बसला होता.

"आणि व्यंकट?" मी विचारलं.

"ते बी जायचे की. कोपीवरच वाढले. दसऱ्याला शाळा सोडायची, सिमग्याला परत. नववीला मामानं घरी ठिवून घेतलं तवा कुठं सलग शाळा झाली. मंग आयटीआय." वहिनींनी ओले हात पदराला पुसले. "तुमाला कधी बोलले न्हाईत? तुमी गुर्जी. शाळेचा इषय निघाला की ते गप बसायचे."

घरी येऊन सुमनला सांगितलं तर ती म्हणाली, मला माहीत होतं. बायकांच्या बाजूला हे सगळं कधीच बोलून झालं होतं. आपल्या बाजूला नुसतं हवामान.

मी वाईट शिक्षक नव्हतो, व्यंकट. माझे विद्यार्थी अजून रस्त्यात वाकून नमस्कार करतात. पण फाल्गुनात, परीक्षा तोंडावर आलेली असताना, वर्गाच्या दारात ती पोरं येऊन उभी राहायची. उन्हानं काळी पडलेली, हातांवर पाचटाचे ओरखडे. मी विचारायचो, "आले का साखर खाऊन?" सगळा वर्ग हसायचा. तीही हसायची. मग मी म्हणायचो, "उशीर झाला. आता काय शिकणार तुम्ही? बसा मागं." ती मागच्या बाकावर जाऊन बसायची आणि मी पुढच्यांना वारे शिकवायचो. हा मला मोठा विनोद वाटायचा. तुला भिंतीवरून तो मी एकदा नाही, चार-पाचदा सांगितला असेल. दर वेळी तू हसलास. पहिल्यांदाच ऐकतोय असा हसलास.

कावून हसलास बे? एकदा तरी माझ्या तोंडावर बशी आपटायची होतीस. मी चिडलो असतो, दोन दिवस भिंतीकडं आलो नसतो, तिसऱ्या दिवशी आलो असतो. तू तेवढं केलं असतंस तर मी ते वाक्य बोललोच नसतो. आणि बघ, मेल्यावरही मी तुझ्यावरच ढकलतोय. सवय आहे.

होळी झाली. दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्या फाटकाकडं बघायला लागलो. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. ऊन तापत चाललं. माझ्या हिशेबानं पेरणीची वेळ कधीच टळून गेली होती आणि मी तुझ्या वाफ्याला रोज संध्याकाळी झारीनं पाणी शिंपडत होतो, वाफसा मोडू नये म्हणून. मूठभर माती घ्यायची, दाबायची, उघडून बघायची. सुमन म्हणाली, स्वतःच्या वाफ्याची एवढी काळजी केली नाहीत कधी. वहिनी म्हणाल्या, यंदा ऊस लई हाय, पट्टाच पडंना. मध्ये एका दुपारी आभाळ काळंभोर झालं, वारा सुटला, आणि मी चक्क आधी तारांकडं बघितलं. तारा हलल्या, पण पाऊस खाली आला नाही.

काल रुक्मिण आली. आदल्या दिवशी त्यांची गाडी धर्मापुरीला लागली, आणि सामान तसंच टाकून ती एसटीनं इकडं आली. दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून खूप रडल्या. मी पायरीवर बसून होतो, तिथंच, जिथं तू बसला होतास. मग रुक्मिणीनं बोचकं सोडलं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात एक दोडका होता, वाळून तपकिरी, हलका. तो हातात धरून तिनं वहिनींना विचारलं, "दादा तर न्हाईत. आता बी कुणाच्या हातात देऊ?"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. मी हात पुढं केला.

"कानापाशी हलवून बघा, गुर्जी," रुक्मिण म्हणाली. "वाजायला पायजे." मी हलवला. आत बिया वाजल्या. ती म्हणाली की यंदा कोपी दोनदा हलवावी लागली, पहिला वेल तिथंच राहिला, दुसरा लावला, त्याला चारच धरले आणि हा एक वाळवला. एवढं सगळं ती मेथीचा भाव सांगावा तसं सांगत होती. माझी रोपं दहा मिनिटांच्या गारांत गेली म्हणून मी आठ दिवस घरात फणकारत होतो, ते मला आठवलं.

उन्हं उतरल्यावर आम्ही तिघांनी पेरलं. मी मूठ दाबली, उघडली. माती अलगद फुटली. काळ्या चपट्या बिया, दोन-दोन, बोटाच्या पेराएवढ्या खोल, तुझ्या मांडवाच्या खांबांपाशी. थोड्या बिया वहिनींनी चुलीच्या राखेत घालून डब्यात ठेवल्या, एखादं आळं वाया गेलं तर परत टाकायला. सुमननं भिंतीवरून चहा दिला. बशीत ओतून प्यायलो.

तर आता भांडणाचं. होळीचा आणि हवामानाचा काही संबंध नाही, हे मी आजही म्हणतो. पुढच्या माघात माझा पाकिटातला दोडका माझ्या वाफ्यात जाणारच, गोणपाटासकट, आणि ऊन तापलं की तुमच्या घरी माझीच भाजी होणार, लिहून ठेव. पण तुझा वाफा सिमग्यापर्यंत रिकामा राहील. तो मी राखीन. पहिला दोडका वेलावर वाळेल, त्याला मी हात लावणार नाही, सुमनलाही लावू देणार नाही. आणि दसऱ्याला तो माझ्या हातानं रुक्मिणीला देईन. जोवर मी भिंतीपाशी उभा राहू शकतो तोवर हे चालेल, आणि माझे गुडघे अजून बरे आहेत.

आणि ते वाक्य मी मागं घेतो. तू शाळेत नीट बसला नव्हतास असं नाही, तुला कुणी बसू दिलं नव्हतं; आणि त्या कुणीमध्ये माझ्यासारखे गुरुजी होते. मला माफ कर. हे मी भिंतीपाशी उभा राहून मोठ्यानं म्हणालो आहे, वहिनींनी ऐकलं असेल तरी चालेल.

एक सांगायचं राहिलं. काल रुक्मिण फाटकातून आत आली, तेव्हा जावेच्या आधी तिला मीच दिसलो. ती दारातच थांबली. चेहरा उन्हानं काळा पडलेला, हातांवर पाचटाचे ओरखडे. पदर सावरून म्हणाली, "उशीर झाला, गुर्जी."

"न्हाई बाई," मी म्हणालो. "वेळेवर आलीस. ये, आत ये."

छत्तीस वर्षं मी वर्गाच्या दारात उभा होतो, व्यंकट. एवढंच तर म्हणायचं होतं.